मापवालीचं पोट

किळस म्हणजे काय ते मला विचारा. दर सोमवारी सकाळी आमच्या मॅडम स्टुलापाशी उभ्या राहायच्या, एका भल्यामोठ्या बाईच्या कमरेभोवती माझ्याकडून टेप गुंडाळून घ्यायच्या आणि आकडा बघून खूश व्हायच्या. "छान. अजिबात उतरली नाहीस," असं म्हणून तिच्या हातात क्रीमच्या बिस्किटांचा पुडा ठेवायच्या. ती "थँक्यू मॅडम" म्हणायची. मी खडू हातात धरून हे बघायची आणि सकाळचा चहा माझ्या घशाशी यायचा. बाजारात म्हैस बघणारा माणूससुद्धा म्हशीसमोर इतकं उघड बोलत नाही.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराचा एक लांब हॉल. मशिनींच्या दोन ओळी, मागे इस्त्रीचं टेबल आणि उजेडाच्या खिडकीपाशी माझं कटिंगचं टेबल. दुकानात ज्यांना काहीच बसत नाही अशा बायकांसाठी आम्ही कपडे शिवतो. कापायचं काम माझं. जिभेलाही तीच धार आहे म्हणून सगळे मला मागून 'कात्री' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आता, मोठ्या बाईचा कपडा कापणं सोपं नसतं. बारीक बाईचा कपडा घेतला आणि चहूबाजूंनी वाढवला, असं करून चालत नाही. मोठं अंग आपल्या मर्जीने भरतं. काखेत भरतं, पाठीवर भरतं, एका बाजूला जरा जास्तच भरतं. बाजारात मिळणारे पुतळे सगळे उपाशी बायकांचे. म्हणून मॅडमनी एक जिवंत बाई नोकरीला ठेवली होती. नवीन कपडा आधी तिच्या अंगावर चढवायचा, मी टाचण्या लावायच्या, तिने हात वर करायचे, वाकायचं, बसायचं. तिला बसला की त्या मापाचे ढीगभर कपडे कापायला आम्ही मोकळे. सगळे तिला 'मापवाली' म्हणायचे. तीही फोनवर "मी मापवाली बोलतेय" असंच सांगायची.

खरं तर ती आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आली होती. मावसबहिणीच्या लग्नात घालायला काहीतरी हवं होतं, सगळी दुकानं पालथी घालून झाली होती. आरशापुढे उभी राहिली आणि मॅडमची नजर पडली. त्यांनी तिला चारही बाजूंनी फिरवून बघितलं आणि तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. पोरीला वाटलं, आपलं नशीब उघडलं. उरलेल्या वेळात ती काजं-बटणं करायची. हात इतका सुबक, की उलट्या बाजूने बघितलं तरी टाका कुठे सुरू झाला ते सापडायचं नाही. पण पगार हाताला नव्हता, घेराला होता.

ती जाडी काही नुसतं खाऊन आलेली नव्हती. लग्नाआधीपासून तिला पीसीओएस होतं. म्हणजे अंडाशयात बीजं धरतात पण पिकून सुटत नाहीत, हॉर्मोनचा सगळा घोळ, आणि दोन घास खाल्ले तरी चार घासांचं अंगावर चढतं. पाळी चार-चार महिने यायची नाही, आणि आली की तीन आठवडे हलायची नाही. इस्त्रीवाला तिला पोट कमी करायचे उपाय सांगायचा, स्वतःचं पोट टेबलाच्या कडेवर टेकवून. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती सगळं ऐकून घ्यायची आणि हसायची.

तिच्या हनुवटीवर केस यायचे, राठ, पुरुषासारखे. ते ती कारखान्याच्या बाथरूममध्ये कडी लावून ब्लेडने काढायची. घरी का नाही? तर घरी काढले की सासू बेसिनमधला एखादा केस चिमटीत धरून मुलाला दाखवायची. "बघ, तुझ्या बायकोची दाढी." आणि मानेवर काळा पट्टा होता. तो याच आजाराचा, धुऊन जात नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. सासूला मात्र तो मळ वाटायचा. रविवारी ती सुनेला बाथरूममध्ये बसवायची आणि खरखरीत दगडाने तिची मान घासायची. सोमवारी मी गळ्याचं माप घ्यायला टेप लावला की पोर दातांवर दात दाबायची. त्या सोललेल्या कातड्यावर मी टेप टेकवायचा, आणि पलीकडून मॅडम विचारणार, "कंबर किती?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. "माणूस वाईट नाही," असं सगळे त्याच्याबद्दल म्हणायचे. ज्याच्याबद्दल एवढंच म्हणता येतं त्या माणसापासून चार हात लांब राहावं, असं माझं मत आहे. आई म्हणेल ती त्याची पूर्व दिशा. लग्नाला सहा वर्षं होऊन गेली होती, मूल नव्हतं, आणि त्या घरात दुसरा विषय नव्हता.

एक दिवस पोर स्टुलावर उभ्या उभ्या झोपली. हात वर, डोळे मिटलेले, आणि घोरायला लागली. मशिनीवरच्या बायका हसल्या. मी काखेत टाचणी लावत होते, ती चुकून कातड्यात गेली, रक्ताचा थेंब आला, तरी हिला पत्ता नाही. मग घोरणं मध्येच थांबलं. घोरणं कसलं, श्वासच थांबला. पाण्यात बुडालेल्याने डोकं वर काढावं तशी ती धापा टाकत जागी झाली.

"रोज असंच होतं मावशी," ती म्हणाली. "म्हणून तर हे बाहेरच्या खोलीत झोपतात."

"आणि तू?"

"मी बसून झोपते. आडवं झालं की गुदमरतं."

अजून हसत असलेल्या बायकांकडे मी असं बघितलं की मशिनी लगेच सुरू झाल्या. त्या दिवशी मी ठरवलं, हिला डॉक्टरकडे नेल्याशिवाय गप्प बसायचं नाही. तपासण्या झाल्या, झोपेचीही झाली. निकाल ऐकायला एकटीने जायची तिला भीती वाटत होती, आणि सासूबरोबर जायची त्याहून जास्त. म्हणून मी गेले. सासूही आलीच. फुकटची करमणूक कोण सोडतं?

डॉक्टरीणबाई सावकाश, समजेल असं बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, पथ्य झालं, चालणं झालं, गोळ्या झाल्या, तरी वजन हलत नाही. साखर वाढलीय आणि झोपेत श्वास बंद पडतो. हे असंच चाललं तर एक दिवस तो सुरूच होणार नाही. अशा वेळी वजनाचं ऑपरेशन करता येतं. जठराचा बराच भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. भूक कमी लागते, वजन उतरतं, आणि या आजारात बऱ्याच जणींच्या पाळ्याही सुरळीत होतात.

सासू तोवर खुर्चीत मागे रेलून बसली होती. "धडधाकट पोट कापायचं? जिभेवर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती," असं तिचं चाललं होतं. पाळ्यांचं ऐकलं आणि ती पुढे सरकली.

"म्हणजे दिवस राहतील?"

"शक्यता वाढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण लगेच नाही. ऑपरेशननंतर निदान दीड वर्ष गरोदर राहायचं नाही. तेव्हा तिचंच शरीर उपाशी असतं, बाळाला कुठून देणार? साधन वापरायचं. आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या रोज, त्या चुकवायच्या नाहीत."

"हो हो," सासू म्हणाली. "कधी करायचं मग ऑपरेशन?"

सरडासुद्धा रंग बदलायला थोडा वेळ घेतो. मला तिच्याकडे बघवेना, मी भिंतीवरच्या तक्त्यातलं आतडं बघत बसले. ते बरं दिसत होतं.

परत येताना सासू औषधांच्या दुकानात शिरली आणि आम्ही दोघी बाहेरच्या कट्ट्यावर टेकलो. मी तिला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

हा प्रश्न तिला नवीन असावा. "मूल नको असं नाही मावशी," ती म्हणाली. "पण त्या दीड वर्ष म्हणाल्या ना, ते ऐकून मला बरं वाटलं. दीड वर्ष मला कुणी विचारणार नाही, राहिलं का म्हणून. मी आडवी पडून झोपीन. जिना न थांबता चढेन. तेवढं दीड वर्ष माझं असू दे. पुढचं पुढे."

एवढंच मागणं होतं पोरीचं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं असेल.

मॅडमना ऑपरेशनचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला, जणू कुणी हॉलमधल्या मशिनीच उचलून नेतंय. "अगं, पण आपलं माप," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. 'आपलं'. दोन दिवस फुगून बसल्या आणि मग एका सकाळी हसत आल्या. त्यांना युक्ती सुचली होती. ही आता उतरत जाणार ना, मग उतरताना वाटेत जी जी मापं लागतील त्या त्या मापाचे कपडे हिच्यावरच बसवून घ्यायचे. "सगळ्या साइजा एकाच बाईवर. अशी संधी कुणाला मिळते?"

"मॅडम, मध्येच मेली तर खालच्या साइजा राहून जातील," मी म्हटलं.

"तुझी जीभ म्हणजे ना," त्या म्हणाल्या. पण सोमवारचा टेप काही सुटला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर ऐकणारी म्हणेल की ऑपरेशनच वाईट. पोरीचं वाईट ऑपरेशनने केलं नाही, माणसांनी केलं. सुरुवातीला चमच्याने पाणी, मग पातळ सूप, मग मऊ अंडं, दोन घासांत पोट भरायचं. केस थोडे गळले, मधूनच गरगरायचं, पण ती गोळ्या घड्याळ लावून घ्यायची. वजन उतरायला लागलं. मानेचा पट्टा फिका झाला, दगड न लावता. एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन कानात म्हणाली, "मावशी, काल मी कुशीवर झोपले. सकाळपर्यंत." आणि लाजली. मला रडू आलं, मी तिला कापड धरायला लावलं. पाळी आली, आणि पुढच्या महिन्यात बोलावल्यासारखी परत आली.

आणि इथूनच घाण सुरू झाली. घोरणं थांबलं म्हणून नवरा बाहेरच्या खोलीतून आत आला. आजवर तिच्याकडे धड न बघणारा माणूस आता तिच्या मागे मागे. सासू पाळीच्या तारखा सुनेपेक्षा पक्क्या लक्षात ठेवायला लागली आणि जेवताना, सगळ्यांसमोर, विचारायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तांबी बसवायला बोलावलं होतं. सासू म्हणाली, "ऑपरेशन कशासाठी केलं आपण? आणि आता आत तार घालून घेणार?" नवरा म्हणाला, "आई म्हणते त्यात तथ्य आहे. आणि तसंही आपल्याला कुठे राहतंय."

म्हणजे बघा. राहावं म्हणून घरभर आटापिटा, आणि राहत नाही म्हणून सांभाळायची गरज नाही. दोन्ही एकाच तोंडाने, एकाच दिवशी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे तिलाही पटलं होतं. तिच्याकडून झालेली ती एकच चूक, पण ती सहा वर्षं रोज ऐकून ऐकून तिच्या अंगात मुरली होती.

"इतकी वर्षं वाट बघून राहिलं नाही मावशी," ती म्हणाली. "चार महिन्यांत कुठलं राहतंय?"

मी तिला फाडफाड बोलले. "अगं, तू वांझ नव्हतीस, आजारी होतीस. आजार मागे हटला, पाळी आली, म्हणजे तू आता कुठल्याही बाईसारखी बाई. बंद पडलेली मशीन दुरुस्त करून आणली आणि पायडलवर पाय ठेवला तर टाका पडणारच ना?"

ती हसली. हसायचं नसतं तेव्हा हसायची तिला सवय होती. जाड माणसांना ती लागते, लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यायची.

पुढे एका सोमवारी मॅडमनी मला माप घ्यायला लावलं. दंड उतरला होता, कंबर उतरली होती, मांडी उतरली होती. छाती वाढली होती. "नीट धर ना टेप," मॅडम माझ्यावर खेकसल्या. मी परत लावला. परत तेच. उतरणारं अंग सगळीकडून उतरतं. एकच जागा उलटी चालली तर त्याला कारण असतं, आणि ते कारण मॅडमना कळायच्या आत मला कळलं. टेप गळ्यात टाकून मी तिला जिन्यात घेऊन गेले.

"पाळी कधी आली होती?"

ती बोटं मोजायला लागली आणि मध्येच थांबली. तोंड पांढरं पडलं. "मावशी, माझं दीड वर्ष," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसून तिच्या सासूला आणि नवऱ्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत. तरी मन भरलं नाही.

"आत्ताच्या आत्ता तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे चल," मी म्हटलं. ती म्हणाली, घरी सांगते, मग जाऊ. घरी सांगितलं आणि जाणं राहिलं. तिकडे आनंदीआनंद. डॉक्टरीणबाई ओरडणार हे सासूला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने सुनेला गल्लीतल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं आणि तिथे ऑपरेशनचा शब्द काढला नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या. "बाळ असताना कसल्या त्या रंगीत गोळ्या? गरम पडतात." आमच्या मॅडमही मागे राहिल्या नाहीत. "बरंच झालं," म्हणाल्या, "गरोदर बायकांचे कपडे कधीचे सुरू करायचे होते. हिच्यावरच बसवू." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

काही दिवस ती कामावर आली नाही. फोन सासू उचलायची आणि "झोपलीय" म्हणायची. शेवटी मी घरी गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं आणि वास जिन्यापर्यंत आला होता, आंबलेल्या दुधाचा. पोर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पायांशी प्लॅस्टिकची बादली. समोर सासू, हातात वाडगा. लोणी लावलेला पाव दुधात कालवून त्याचा लगदा केलेला. एक चमचा तोंडात. पोर गिळायची, डोळे मिटायची, कपाळावर घाम फुटायचा, आणि बादलीत ओकायची. सासू फडक्याने तिचं तोंड पुसायची आणि पुढचा चमचा भरायची. घाई नाही, राग नाही. उलट मायेने करत होती, आणि तेच बघवत नव्हतं.

"दोन जिवांचं खावं लागतं आता," ती मला म्हणाली. "उलट्या होतायत म्हणजे गर्भ चांगला धरलाय."

पलीकडे टेबलाशी नवरा जेवत होता. बादलीत आवाज झाला की टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा. त्याचा घास तोंडात जाताना मी बघितला आणि मला त्या बादलीपेक्षा त्या घासाची जास्त किळस आली.

"तिचं पोट केळ्याएवढं आहे," मी म्हटलं. "त्यात तुम्ही वाडगा रिकामा करताय?"

"तुम्ही कापडं कापा," सासू म्हणाली. "आमच्या घरातलं आम्हाला कळतं."

"तिला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या."

"नेऊ की. बाळ हातात आलं की नेऊ."

मी नवऱ्याकडे वळले. "तुम्ही लिफ्टचं काम करता ना? चार माणसांच्या लिफ्टमध्ये दहा कोंबली तर काय होतं?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आई आहे ना. तिला अनुभव आहे."

पोरीने माझ्याकडे बघितलं. म्हणजे एक डोळा माझ्याकडे होता आणि दुसरा जरा भलतीकडे. मला वाटलं, दमलीय. तिला उठवायला हात पुढे केला तर सासू मध्ये आली, आणि पोरच म्हणाली, "जा मावशी, उगाच तमाशा नको." तमाशा नको म्हणून बायका काय काय गिळतात. मी निघाले, पण डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन सगळं सांगून आले. त्या म्हणाल्या, उचलून आणा पण आणा.

उचलावं लागलं नाही. दुसऱ्या सकाळी सासू आंघोळीला गेली तेव्हा पोर एकटीच घरातून निघून कारखान्यात आली. भिंत धरून, पाय फाकवून चालत होती, बोटीवर चालल्यासारखी. कुणाशी न बोलता बसली आणि सुई-दोरा घेतला. सुई बटणाच्या शेजारी कापडात टोचत राहिली.

"मावशी, या शर्टाला इतकी बटणं का लावलीत?" तिने विचारलं.

त्या शर्टाला चार बटणं होती. मी म्हटलं, मोज बरं. तिने आठ मोजली. जिचा टाका सापडायचा नाही तिची सुई बटण चुकत होती. मॅडम लांबून म्हणाल्या, "माप द्यायचं नाही म्हणून नाटकं आहेत." मी कात्री टेबलावर आपटली आणि पोरीला गाडीत घालून घेऊन गेले.

दवाखान्यात नर्स बीपीचा पट्टा घेऊन जवळ आली तर पोरीने दोन्ही हात वर केले आणि मान ताठ केली. "आज कितीची साइज आहे?" तिने नर्सला विचारलं. नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी पोरीचे हात धरून खाली घेतले.

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या शिरेतून इंजेक्शन सुरू केलं. सतत उलट्या आणि गोळ्या बंद, त्यामुळे अंगातलं बी-वन नावाचं व्हिटॅमिन संपलं होतं. ते संपलं की डोळे, चाल आणि डोकं चुकायला लागतं. अजून थोडे दिवस घरात राहिली असती तर गेलेली आठवण परत आली नसती, कदाचित तीही नाही. हे सगळं त्यांनी सासूला आणि नवऱ्याला बोलावून, समोर बसवून सांगितलं. ऐकून सासूने विचारलं, "बाळाला काही नाही ना झालं?"

हळूहळू पोरीचे डोळे सरळ झाले. आठच्या ठिकाणी चार बटणं दिसायला लागली. मला ओळखून म्हणाली, "मावशी, तुम्ही कामावर गेला नाहीत?" तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर बोलल्या. गर्भ ठेवायचा असेल तर पुढचे बरेच महिने इथेच राहायचं, शिरेतून अन्न घ्यायचं, सतत तपासण्या. करता येईल, पण धोका दोघांनाही राहील. नाहीतर गरोदरपण आता इथेच थांबवायचं, आधी हिचं शरीर भरून काढायचं आणि पुढे नीट वेळ बघून विचार करायचा. "निर्णय तिचा आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला एकटीला विचारणार आहे."

"तिचा कसा?" सासू म्हणाली. "घरातल्यांचा असतो."

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे बोट दाखवलं. मलाही बाहेर काढलं, आणि बरोबरच केलं.

बाहेर बाकावर सासू निवांत बसली. "काही काळजी करू नकोस," मुलाला म्हणाली. "मी तिला कालच बजावून ठेवलंय, कुणी काहीही विचारलं तरी बाळ हवंय म्हणायचं. आणि ती कधी उलट बोललीय?" नवरा मान हलवत होता. बाई खरं बोलत होती. पोर कधीच उलट बोलली नव्हती. मान घासली तेव्हा नाही, केस दाखवले तेव्हा नाही, लगदा भरवला तेव्हाही नाही. आता हसून "तुम्ही म्हणाल तसं" म्हणेल आणि तिथेच मरेल, असं मला वाटत होतं, आणि मला तिचाही राग येत होता.

दार उघडलं. पोर पलंगावर उशीला टेकून बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीच सांगेल."

"मी थांबवतेय," पोर म्हणाली. आवाज बारीक होता, पण हसत नव्हती.

सासूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "थांबवतेस म्हणजे? मग पोट कापून घेतलंस कशाला?"

"जगायला, आई."

 सासू मुलाकडे वळून म्हणाली, "ही काय म्हणतेय?" इतके दिवस मी त्या बाईला कपटी समजत होते. पण तिच्या तोंडावर कपट नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं.